घराच्या जागेचा हक्क विधिमंडळात मागताना

माननीय संपादक यांस,
सादर नमस्कार.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस जवळ आले की विदर्भातल्या गावागावांतून घरकुलाची निवेदने निघू लागतात आणि वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर त्यांची छायाचित्रे येतात. मागणी जवळजवळ सगळीकडे एकच असते: घरकुलाचा लाभ मिळावा. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका छोट्या ग्रामीण संस्थेत काम करणारा कार्यकर्ता म्हणून मला या मागणीविषयी आणि ती मांडण्याच्या रीतीविषयी सविस्तर लिहावेसे वाटते. विदर्भातल्या गरिबाचा घराचा प्रश्न हा मुख्यतः घराखालच्या जागेचा प्रश्न आहे, त्यासाठी राज्याच्या कायद्याची गरज आहे, आणि तो कायदा मागण्याची तयारी ग्रामीण संस्थांनी ग्रामसभांना सोबत घेऊन केली पाहिजे, असे माझे मत आहे.

पैशाची बाजू आधी पाहू. इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण या योजनेने घेतली आणि सपाट भागात १ लाख २० हजार, तर आमच्या जिल्ह्यासारख्या दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये असे अर्थसाहाय्य ठरले. त्याला रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार रुपये जोडले जातात. राज्याच्या रमाई, शबरी, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, पारधी आणि मोदी आवास या योजना वेगवेगळ्या समाजघटकांसाठी आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२८-२९ पर्यंत आणखी २ कोटी घरांना मंजुरी दिली आणि २०२५ मध्ये राज्याने आपल्याकडून ५० हजारांची भर घातली. ही रक्कम पुरेशी आहे असे मी म्हणणार नाही; सिमेंट, सळई आणि गवंड्याची मजुरी यांचे आजचे दर कोणत्याही लाभार्थ्याला विचारावेत. परंतु मंजुरी मिळूनही ज्यांचे घर उभे राहत नाही, त्या कुटुंबांची अडचण पुष्कळदा वेगळीच असते. घरकुलासाठी पात्र कुटुंबांच्या 'ड' यादीत नाव असते, मंजुरीही येते, आणि पंचायत समितीत जागेचा कागद मागितला की काम थांबते, कारण आजोबांच्या काळापासून ज्या जागेवर कवेलूचे घर आहे ती जागा कागदोपत्री त्या कुटुंबाची नसते.

विदर्भात हा गुंता अधिक खोल आहे आणि त्याची मुळे मध्यप्रांत व वऱ्हाडच्या महसुली इतिहासात आहेत. पूर्व विदर्भात मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत वसूल करण्याची पद्धत, होती. गावाची आबादी (वस्तीची जागा), निस्ताराची (गावाच्या सामायिक वापराची) जमीन, चराई, झुडपी जंगल (खुरट्या झुडपांची जमीन) अशा नोंदी त्या काळच्या कागदांतून चालत आल्या. वऱ्हाडात, म्हणजे पश्चिम विदर्भात, ई-वर्ग जमिनी (चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनी) आल्या. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला तेव्हा या नोंदीही सोबत आल्या. गावे वाढत गेली, गावठाणाच्या हद्दी मात्र क्वचितच वाढल्या, त्यामुळे नवी घरे, शाळा, स्मशानभूमी आणि सरकारी कार्यालयेसुद्धा या जमिनींवर उभी राहिली. पुढे २५ ऑक्टोबर १९८० पासून वन संवर्धन कायदा लागू झाला आणि वनजमीन इतर कामासाठी वापरायला केंद्राची परवानगी लागू लागली, १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात, वन म्हणून नोंदलेली जमीन मालकी कोणाचीही असो वनच समजावी, असा आदेश दिला आणि झुडपी जंगलाची जमीन वन समजायची की महसूल, हा वाद नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांना तीन दशके पुरला.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या वादावर निकाल दिला. झुडपी जंगल म्हणून नोंदलेली जमीन १९९६ च्या आदेशानुसार वनच समजली जाईल. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे जिल्हावार एकत्रित प्रस्ताव पाठवावा आणि त्यांना पर्यायी वनीकरणाची अट लावू नये, असे न्यायालयाने सांगितले. हा मोठा दिलासा आहे. तरीही निकालाचे शब्द नीट वाचले की एक गोष्ट खुपते: दिलासा आहे तो वाटप झालेल्या जमिनीला. कोणत्याही आदेशाशिवाय, पटवाऱ्याच्या माहितीत आणि ग्रामपंचायतीला घरकर भरत दोन पिढ्या राहिलेल्या शेतमजुराकडे वाटपाचा कागद कोठून येणार? त्याच्याकडे ग्रामपंचायतीच्या घरकर आकारणीचा नमुना ८ चा उतारा आहे, वीजबिल आहे, मतदार यादीत नाव आहे. जिल्ह्याच्या प्रस्तावात अशा घरांची गणना कशी होते, हे आज प्रत्येक ग्रामसभेने विचारले पाहिजे आणि संस्थांनी त्यासाठी गावनिहाय नोंदी तयार ठेवल्या पाहिजेत.

कायदेविषयक काम येथूनच सुरू होते. निवेदन लिहिण्याआधी प्रत्येक घराची अडचण नेमकी कोणत्या पातळीवर अडली आहे, ते शोधावे लागते. वडिलांच्या नावावरचे घर भावांमध्ये वाटलेले नसेल तर तो वारसनोंदीचा विषय आहे. घर गावठाणाला लागून असलेल्या सरकारी जमिनीवर असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, आणि त्यासाठी आमदारांच्या दारात जाण्याची गरज नाही. सरकारी जमिनीवरचे निवासी अतिक्रमण १ जानेवारी २०११ पूर्वीचे असेल तर ग्रामविकास विभागाच्या फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयाची वाट आहे. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी पूर्वी ५० हजार आणि आता १ लाखापर्यंत साहाय्य मिळते. घर वनजमिनीवर असेल तर विषय केंद्राच्या कायद्यात जातो. राज्यघटनेत जमीन हा राज्यसूचीतला विषय आहे, तर वने १९७६ च्या दुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहेत. म्हणजे एकाच टोल्यावरच्या (वाडीवरच्या) दोन शेजाऱ्यांपैकी एकाचे उत्तर तहसील कार्यालयात असू शकते आणि दुसऱ्याचे दिल्लीत. ही छाननी झाली नाही तर जे तहसीलदार करू शकतात ते आपण मंत्र्यांकडे मागतो आणि जे विधिमंडळानेच करायचे ते तहसीलदारांकडे. दोन्हीकडून नियमाप्रमाणे योग्य ती कार्यवाही करण्याचे पत्र येते आणि वर्ष सरते.

या छाननीतून काय हाती लागते, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. जागाखरेदीची योजना असूनही पुष्कळ ठिकाणी खरेदी होत नव्हती, कारण शेतातला एवढा लहान तुकडा विकण्याच्या आड १९४७ चा तुकडेबंदी कायदा येत होता. योजना ग्रामविकास विभागाची, अडथळा महसूल विभागाच्या कायद्यातला. ग्रामविकास विभागाला कितीही निवेदने दिली असती तरी तो हटला नसता. मार्च २०२४ मध्ये नियम बदलून विहीर आणि शेतरस्त्याबरोबर ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्यांनाही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने सूट देण्यात आली. कोणत्या विभागाचा कोणता नियम बदलायला हवा, एवढे बोट ठेवून सांगता आले की मागणी पुढे सरकते.

मागणी कोणी ठरवायची, हा याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. नागपुरात किंवा मुंबईत कोणी जाणकाराने मसुदा लिहावा आणि मोर्चाच्या दिवशी गावकऱ्यांना संख्येसाठी गाडीत बसवून न्यावे, ही पद्धत मला मान्य नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने याबाबत चांगला पायंडा घातला आहे. तेथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालतो. विषयाचा अभ्यास आधी, निर्णय नंतर आणि तोही सर्वसहमतीने. सामूहिक वनहक्काचा दावा असो की ग्रामदानाचा, म्हणजे जमिनी ग्रामसभेच्या नावे करण्याचा, निर्णय, त्या गावाने कायदा वाचून, समजून घेऊन मगच पाऊल टाकले. घराच्या विषयातही प्रत्येक गावी असा अभ्यासगट हवा, ज्यात भूमिहीन कुटुंबांतल्या स्त्रिया असतील. विधवा आणि टाकून दिलेल्या स्त्रियांची घराची अडचण भरसभेत बहुधा निघतच नाही. सासरच्या घरावर नाव नाही, माहेरी जागा नाही आणि यादीत त्या स्वतंत्र कुटुंब म्हणून धरलेल्या नाहीत. महिलांच्या स्वतंत्र सभेत हे पहिल्या अर्ध्या तासात कळते. ज्या मसुद्यात अशा स्त्रीचा विचार नाही तो आमचा मसुदा असू नये.

गायरानाच्या प्रश्नावर संस्थांनी अधिक धीराने आणि प्रामाणिकपणे बोलण्याची गरज आहे. जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्यास सांगितले, त्याच वर्षी राज्याने त्यानुसार शासन निर्णय काढला, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरच्या घरांना राज्यभर नोटिसा गेल्या. बेड्यावरचा (वस्तीवरचा) पारधी, पोडावरचा (पाड्यावरचा) कोलाम आदिवासी आणि गावकुसाबाहेरचा मजूर या नोटिसांनी हादरले, हे खरेच आहे. पण गायरान हे गवळ्याचे, शेळ्या राखणाऱ्या बाईचे आणि एक-दोन जनावरांवर जगणाऱ्या अल्पभूधारकाचेही आहे, आणि तेही गरीबच आहेत. 'गायरान द्या' अशी सरसकट घोषणा दिली की गावात फूट पडते आणि त्या फुटीचा लाभ ज्यांनी गायरानावर एकरांनी शेती आणि गोदामे बसवली आहेत त्यांना होतो. राहत्या घराखालची मर्यादित जागा एका बाजूला आणि व्यापारी किंवा शेतीचे अतिक्रमण दुसऱ्या बाजूला, असा भेद कायद्यानेच केला पाहिजे. घरासाठी किती जागा द्यायची आणि चराईसाठी कोणती राखायची, याचा नकाशा ग्रामसभेने दोन्ही बाजूंना समोर बसवून करावा. हे काम कटकटीचे आहे, त्यात महिने जातात, पण असा नकाशा हातात असलेल्या गावाचे म्हणणे कोणतेही न्यायालय किंवा मंत्रालय सहज बाजूला सारू शकत नाही.

आता मूळ मागणीकडे येतो. घराच्या जागेसाठी आज जे काही आहे ते बहुतेक शासन निर्णयांच्या आधाराने आहे, आणि एक शासन निर्णय दुसऱ्याने बदलता येतो. निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये चमेली सिंग प्रकरणात म्हटले असले, तरी ग्रामीण भूमिहीनाला घरापुरत्या जागेचा हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात नाही. २०१२ च्या भूमिहीनांच्या जनसत्याग्रहानंतर केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने २०१३ मध्ये वासभूमी हक्काच्या विधेयकाचा मसुदा तयार केला होता. तो कायदा झाला नाही. केरळने जमीन सुधारणा कायद्यातून झोपडीखालच्या जागेचा हक्क कुडीकिडप्पुकारांना, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या भूमिहीनांना, दिला, त्यालाही पन्नास वर्षे उलटून गेली.

असा मसुदा लिहिण्यासाठी आम्हाला फार लांब जावे लागत नाही. २००६ चा वनहक्क कायदा आमच्या ग्रामसभांनी वापरून पाहिला आहे आणि त्याची कलमे गावातली अल्पशिक्षित माणसेही क्रमांकानिशी सांगतात. त्या कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून सरकारी कागदांबरोबरच दावेदाराव्यतिरिक्त गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही चालते. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला हटवता येत नाही. हक्कपत्र पती-पत्नी दोघांच्या नावे निघते. दावा आधी ग्रामसभेसमोर येतो. या चारही गोष्टी जशाच्या तशा घराच्या जागेच्या कायद्यात घेता येतील. त्यांना जिल्हाधिकाऱ्यांसाठी निर्णयाची मुदत, मुदतीत निर्णय न झाल्यास अपील आणि मंजूर घरकुल केवळ जागेअभावी रद्द न करण्याची तरतूद जोडावी. २३ सप्टेंबर २०२० रोजी राज्यपालांनी राज्यघटनेच्या आदिवासी क्षेत्रांविषयीच्या पाचव्या अनुसूचीखालील अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रातल्या वनवासी कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घरासाठी जागा मिळण्याची वाट मोकळी करणारी अधिसूचना काढली होती. अशी वाट आहे, हेच आमच्या भागातल्या अनेक टोल्यांना अजून ठाऊक नाही. नव्या कायद्याबरोबर असलेल्या तरतुदीचा वापर वाढवणे हेही संस्थेचेच काम आहे.

विधिमंडळाचे कामकाज कसे चालते, याचे ज्ञान या कामाला लागते आणि ते कोणालाही मिळवता येते. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) अधिवेशन सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात. म्हणून डिसेंबरात नागपूरच्या टेकडी रोडवर आलेला मोर्चा त्या अधिवेशनाच्या प्रश्नांसाठी उशिराच आलेला असतो. आमदारांना द्यायचा कागद एका पानाचा असावा आणि त्यात कोणत्या विभागाला, कोणत्या नियमाविषयी, काय विचारायचे ते लिहिलेले असावे. सभागृहात मंत्री "तपासून निर्णय घेऊ" म्हणतात तेव्हा ते शासकीय आश्वासन समितीकडे जाऊ शकते, आणि मला वाटते की या समितीचा पाठपुरावा करण्यात संस्थांनी सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण लक्षवेधी सूचनेची बातमी दुसऱ्या दिवशी येते पण आश्वासनाचे काय झाले याची बातमी कधी येत नाही. विनंती अर्ज समिती, पंचायत राज समिती, अनुसूचित जमाती कल्याण समिती यांचे काम अधिवेशन नसतानाही चालते आणि त्यांचे दौरे जिल्ह्यातही होतात. अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेले) मंजूर होण्याची शक्यता अल्प असते, हे मान्य. तरीही त्याने मसुदा सभागृहाच्या नोंदीत जातो आणि शासनाला त्यावर भूमिका सांगावी लागते. विदर्भाचे ६२ आमदार आणि १० खासदार आहेत. त्यांच्यापैकी सर्व पक्षांचे काही जण जरी एका मसुद्यावर बोलले तरी फरक पडेल. रोजगार हमीचा इतिहास याच राज्याचा आहे: वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगावात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात योजना पसरली, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, तो १९७९ मध्ये लागू झाला आणि २००५ मध्ये देशाने तो हक्क स्वीकारला. योजनेचा कायदा होण्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ टिकणारी संघटना गावात असावी लागते.

संस्थांना एक भीती वाटते, ती अनाठायी नाही. नोंदणीकृत विश्वस्त संस्थेने राजकारण करू नये, हे बंधन योग्यच आहे, आणि आम्ही कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करत नाही, करू नये. परंतु कायदा सुचवणे, विधेयकावर मत देणे, आमदारांना माहिती पुरवणे ही पक्षीय कामे नव्हेत. परदेशी देणग्यांच्या नियमांविषयी २०२० मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले आहे की राजकीय उद्दिष्ट नसताना लोकांच्या प्रश्नांसाठी आंदोलनाला पाठिंबा देणाऱ्या संस्थेला राजकीय ठरवता येणार नाही. या कामासाठी पैसा शक्यतो गावातून उभा राहावा, असे माझे मत आहे. प्रकल्पाचा निधी तीन वर्षांत संपतो आणि त्याचे अहवाल बांधलेल्या घरांची संख्या मागतात; कायद्याच्या पाठपुराव्याची संख्या सांगता येत नाही. तेंदू आणि बांबूच्या उत्पन्नातून ज्या ग्रामसभा आज आपले निर्णय आपण घेत आहेत, त्यांनी वर्गणी देऊन हे काम चालवले तर त्याची मालकीही त्यांच्याकडेच राहील.

आपल्या दैनिकाकडे माझी विनंती आहे. येत्या अधिवेशनात ग्रामीण निवाऱ्यासंबंधी जे प्रश्न विचारले जातील त्यांची उत्तरे आणि मंत्र्यांनी दिलेली आश्वासने आपण तारखेसह छापावीत, आणि पुढच्या अधिवेशनाच्या आधी त्यांचे काय झाले तेही छापावे. झुडपी जंगलाच्या जमिनींचे जिल्हावार प्रस्ताव गावनिहाय आणि गटक्रमांकासह ग्रामपंचायतीत लावले जावेत, ही मागणीही आपण उचलून धरावी, म्हणजे ज्यांची घरे त्यातून सुटली असतील त्यांना प्रस्ताव केंद्राकडून मंजूर होण्याआधी हरकत घेता येईल.

आपला,
एका ग्रामीण संस्थेचा कार्यकर्ता,
जि. गडचिरोली